संस्थापकांची मिशी

कुझुहारा एअरब्रश कारखान्याच्या संस्थापकांच्या नाकावर शाईचा ठिपका पडला तेव्हा दुपारचे बारा वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि छापखान्याचा माणूस चार वाजता यायचा होता.

संस्थापक, म्हणजे तोकुजिरो कुझुहारा, वारून चाळीस वर्षं झाली होती. ठिपका पडला तो त्यांच्या फोटोवर. पण ज्याच्या हातून तो पडला त्या नोबुहारूला, त्यांच्या नातवाला आणि कारखान्याच्या आजच्या मालकाला, हा फरक त्या घटकेला फारसा दिलासा देणारा वाटला नाही.

फोटो ऑफिसच्या भिंतीवर असायचा. कारखान्याला ऐंशी वर्षं पूर्ण होत होती, रविवारी कार्यक्रम होता, 'ऐंशी वर्षांची फुंकर' नावाची पुस्तिका निघायची होती आणि तिच्या पहिल्या पानावर हा फोटो छापायचा होता. आजोबांचा तरुणपणीचा एवढा एकच फोटो घरात होता. काचेची चमक येते म्हणून छापखान्याने तो चौकटीतून काढून ठेवायला सांगितला होता. नोबुहारूने तो काढून टेबलावर ठेवला, आणि शेजारीच कोबेच्या एका केकवाल्याकडून दुरुस्तीला आलेला, हवेच्या जोरावर रंग फवारणारा एअरब्रश शाई भरून तपासायला घेतला. कळ दाबली. काहीच आलं नाही. जोरात ओढली. तरी नाही. "तुंबलाय वाटतं," असं म्हणून त्याने ब्रश जरा बाजूला वळवला, आणि तुंबलेलं सगळं एकदम मोकळं झालं.

फस्स.

नोबुहारूने रुमालाने ठिपका टिपला. म्हणजे टिपायला गेला. ठिपका गालापर्यंत आला.

त्याची बायको किमिए बार्लीचा चहा घेऊन आली, आणि दारातच थबकली.

"अहो, हे काय केलंत?"

"काही नाही. थोडी शाई उडाली."

"थोडी? आजोबांना नुसती मिशी होती, आता दाढीसुद्धा आली!"

त्या मिशीला घरात मोठा मान होता. दाट, टोकांशी किंचित वळलेली, सरदाराला शोभावी अशी. तिच्याकडे पाहून नोबुहारूच्या वडिलांनी मिशी ठेवली, आणि वडिलांकडे पाहून नोबुहारूने. त्याची काही केल्या दाट होत नसे. ओठावर कुणी शिसपेन्सिल टेकवून पाहिल्यासारखी दिसे. पण पंधरा वर्षं रोज सकाळी आठ वाजता त्या फोटोपुढे वाकून नमस्कार करताना, आपणही त्याच मिशीच्या घरातले, एवढा आधार तिच्यामुळे वाटत असे.

"आपला धंदा कशाचा आहे?" किमिए म्हणाली. "एअरब्रशचा. मग राखाडी रंग भरा आणि मारा की त्या डागावर!"

सूचना सरळ होती. अडचण एवढीच होती की कुझुहारा घराण्यात तीन पिढ्या एअरब्रश बनवत होत्या आणि त्यातल्या एकाही पुरुषाला चित्र काढता येत नव्हतं. ब्रशातली केसाएवढी सुई घासून तिला टोक काढायला सांगा, डोळे मिटून काढतील. त्याच ब्रशने साधं सफरचंद काढायला सांगा, तर बटाटा निघे. तरीही नोबुहारूने रंग कालवला, श्वास रोखला आणि मारला.

दोघांनी फोटोकडे आधी जवळून पाहिलं, मग लांबून.

"सर्दी झाल्यावर मास्क लावल्यासारखं वाटतंय," किमिए शेवटी म्हणाली. "आणा इकडे. ओल्या फडक्याने पुसते, रंग अजून ओला आहे."

"जोरात घासू नकोस हं!"

"घरातली सगळी भांडी मीच घासते. मला शिकवू नका."

तिने घासलं. मास्क निघाला. शाईही बरीच निघाली. पण तिसऱ्या हातासरशी काहीतरी भलतंच निघालं, आणि किमिएने फडकं हातातून टाकून दिलं. आजोबांची डावीकडची अर्धी मिशी गेली होती. मिशीखाली छान गुळगुळीत ओठ होता.

"फोटोतली मिशी पुसली कशी जाते?" नोबुहारूचा आवाज चिरकला.

"मला काय विचारता? तुमच्या आजोबांना विचारा!"

आजोबांना विचारता येत नव्हतं, पण आत्याला येत होतं. हिसाए आत्या ही आजोबांची थोरली मुलगी. वय सत्त्याऐंशी. चाळीस वर्षं तिने एका मोठ्या स्टुडिओत फोटो सुधारण्याचं काम केलं होतं: नवऱ्या मुलींचे तीळ उडवायचे, पुढाऱ्यांना केस द्यायचे, उद्घाटनाच्या फोटोत डुलकी घेणाऱ्यांचे डोळे उघडायचे. घराण्यात एअरब्रश खऱ्या अर्थाने धरता येणारी ती एकटीच. नोबुहारूने फोटो पेस्ट्रीच्या खोक्यात घातला आणि कारखान्यामागच्या तिच्या घराकडे धाव घेतली.

आत्या तांदळाच्या कुरकुरीत चकत्या खात टीव्हीवर सुमोच्या कुस्त्या बघत होती.

"संध्याकाळी ये," ती मान न वळवता म्हणाली.

"आत्या, आजोबांची मिशी गेली."

आत्याची चकती तोंडाशीच थांबली. तिने टीव्ही बंद केला. सुमोचा हंगाम चालू असताना हे पहिल्यांदाच घडत होतं. तिने चष्मा चढवला आणि खोक्यात डोकावून पाहिलं.

"नाकाचा हा बट्ट्याबोळ कुणी केला? मांजराने?"

"मी. आणि किमिएने."

"बरोबर. मांजराने जरा बरं केलं असतं." नखाने तिने उरलेली अर्धी मिशी खरवडून पाहिली. "बघ, अडुसष्ट वर्षं टिकली की नाही! माझी पहिली मिशी ही. एकोणीस वर्षांची होते मी."

"म्हणजे... तुम्ही काढलीत?"

"मग काय उगवली? पाण्याने निघणारा रंग आहे तो. चल, आता अर्धी ठेवून काय करायची? पुसून टाकू सगळीच."

नोबुहारू नको नको म्हणेपर्यंत तिने कापूस ओला केला होता. कापूस कागदावर अगदी नेमका फिरत होता. मिशी गेली. मग ती फोटोच्या उजव्या बाजूकडे वळली. तिथे मागे गडद पडदा होता. तिने पडदाही पुसायला घेतला.

"आत्या, तिथे काही डाग नाहीये."

"गप्प बस."

पडद्यातून आधी एक खांदा आला. मग कान. मग कामाचा डगला घातलेला, हसरा, आणखी एक माणूस अख्खाच्या अख्खा बाहेर आला. पहिल्याच्या खांद्यावर त्याने हात टाकला होता.

नोबुहारू फोटोवर वाकला. "हा कोण?"

"हा तुझा आजोबा."

"आणि हा? ज्याचं नाक गेलं तो?"

"तो माझा काका. तोकुसाबुरो."

तोकुसाबुरो हे नाव नोबुहारूने घरात फारच कमी वेळा ऐकलं होतं, आणि जेव्हा ऐकलं तेव्हा त्यामागोमाग कुणीतरी दार आपटलं होतं. कालव्याच्या पलीकडे दुसरा एक कुझुहारा एअरब्रश कारखाना होता. त्याचे ते संस्थापक. दोन्ही कारखाने आपणच मूळचे असं सांगत, आणि पुलावर समोरासमोर आले तरी दोन्हीकडची माणसं पाण्यातले मासे मोजत.

"दोघांनी मिळूनच सुरू केला होता कारखाना," आत्या म्हणाली. "बारा वर्षं एका ताटात जेवले. मग भांडले. कळ नुसती दाबायची की दाबून मागे ओढायची, यावरून. बाबा म्हणाले, ओढायचीच. काका म्हणाला, शिकाऊ माणसाला दाबणंच पुरे. महिनाभर हेच. शेवटी काका आपली लेथ हातगाडीवर घालून पूल ओलांडून गेला."

"मग आजोबांनी काकांना फोटोतून पुसायला लावलं, हे समजू शकतो. पण तुम्ही तर आजोबांनाच—"

"घाईत चुकले असेन असं वाटतंय ना तुला? चुकले नाही. बाबा फोटो घेऊन आले आणि म्हणाले, हिसाए, यातला मी काढून टाक. म्हटलं, तुम्ही? तर म्हणाले, मला माझं तोंड रोज आरशात दिसतं. त्याचं कुठे दिसतं? पण कुणाला कळता कामा नये. म्हणून त्याला एक मिशी लाव."

नोबुहारूचा हात नकळत स्वतःच्या ओठावर गेला.

"पुढची गंमत ऐक. फोटो भिंतीवर लागला, गिऱ्हाइकं विचारायला लागली, मालक, तुमची मिशी कुठे गेली? मग बाबांना ठेवावी लागली. बिचाऱ्यांना फार खाजायची."

नोबुहारूने फोटो जवळ ओढला. पंधरा वर्षं तो ज्या चेहऱ्यापुढे वाकत होता, जर्मनीची ऑर्डर गेली तेव्हा ज्याला सांगून रडला होता, मुलगी शिकायला साप्पोरोला गेली तेव्हा ज्याला "लक्ष असू द्या" म्हणाला होता, तो पलीकडच्यांचा आजोबा होता. आणि त्याने सगळं ऐकून घेतलं होतं.

पावणेतीन वाजले होते. आता खरं तर वाट सोपी होती. आजोबा पडद्याखाली सुखरूप राहिले होते. एकही ओरखडा नव्हता. उजवी बाजू कापून छापखान्याला दिली की झालं. आत्याने कात्रीसुद्धा पुढे सरकवली. नोबुहारूने ती हातात घेतली आणि परत ठेवली.

"नाक दुरुस्त नाही का होणार?"

"तिथला कागदच खरवडलाय तुम्ही. मी माझ्या मनाने नाक काढीन, पण ते त्याचं नसेल." आत्याने कात्री उचलून ठेवली. "याची एक जोडप्रत आहे. काकाकडे."

"त्यात काकांचं नाक आहे?"

"आहे. रंगाखाली."

"रंगाखाली का?"

आत्याने चकत्यांचा डबा बंद केला. "कारण आठच दिवसांनी काका चोरून माझ्या स्टुडिओत आला. त्याने पण हेच सांगितलं. मला काढ, दादाला ठेव. ओळखू येऊ नये म्हणून त्याला एक चष्मा लाव."

पूल ओलांडताना नोबुहारूच्या एका हातात पेस्ट्रीचं खोकं होतं आणि दुसऱ्या हातात आत्याचा दंड. पलीकडच्या कारखान्याची मालकीण सुमिको ही तोकुसाबुरोंची नात, पंचावन्न वर्षांची, चष्मेवाली. तिने दारात दोघांना पाहिलं, आणि आधी घड्याळाकडे पाहिलं, जणू असं काही घडण्याचीही एक वेळ असते.

"या आत्या," ती म्हणाली. कालव्याच्या दोन्ही बाजूंना जाणं-येणं असलेली आत्या एकटीच होती. मग नोबुहारूकडे वळून, "तुम्ही पण?"

"सुमिको-सान, एक विनंती आहे. तुमच्या संस्थापकांचा फोटो जरा धुऊ द्याल?"

"काय?"

यापेक्षा वाईट सुरुवात करता आली नसती. पुढचा अर्धा तास आत्या बोलत होती आणि सुमिको उभीच्या उभी होती. तिच्या मागे भिंतीवर गोल चष्मा घातलेले संस्थापक गंभीरपणे ऐकत होते. आत्याचं संपल्यावर सुमिकोने आपला चष्मा काढून हातात घेतला.

"माझे बाबा जन्मभर साध्या काचेचा चष्मा घालत होते," ती हळूच म्हणाली. "नजर घारीसारखी होती त्यांची. मी विचारलं की म्हणायचे, घराण्याची रीत आहे. हा माझाही बिननंबरी आहे."

तिने स्वतःच फोटो उतरवला, चौकट उघडली आणि कापूस आणून दिला. चष्मा निघाला. मग डाव्या बाजूच्या पडद्यातून तोकुसाबुरो बाहेर आले, अगदी शाबूत नाकानिशी. दोघे भाऊ खांद्यावर हात टाकून हसत होते. बहुधा फोटोवाल्यानेच काहीतरी विनोद केला असावा.

"त्या दोघांना हे कधी कळलं का?" नोबुहारूने विचारलं.

आत्या कापूस पिळत राहिली. "दोघांनी वेगवेगळी शपथ घातली होती मला. म्हटलं, राग निवला की सांगू. पुढच्या नववर्षाला सांगू, त्याच्या पुढच्या नववर्षाला सांगू. तेवढ्यात काका गेला. मग बाबांना सांगण्यात काय अर्थ होता?" तिने नाक ओढलं. "दुसऱ्यांची तोंडं नीट करण्यात जन्म गेला माझा. आपलं तोंड वेळेवर उघडता आलं नाही."

सुमिकोने तिच्यापुढे चहा ठेवला. मग काहीतरी बोलायचं म्हणून तिने विचारलं, "रविवारी तुमचा कार्यक्रम आहे ना?"

"हो. अकराला."

"आमचाही आहे, ऐंशी वर्षांचाच. साडेबाराला. तुमचा रविवारी आहे कळल्यावर मुद्दाम तोच ठेवला." ती ओशाळली. "किती पाहुणे?"

"चाळीस."

"आमचे छत्तीस."

दोघांनी याद्या काढून शेजारी शेजारी ठेवल्या. एकतीस नावं तीच होती. एकूण एक व्यापारी दोन्हीकडे हो म्हणाला होता, आणि एकानेही दुसरीकडचं बोलावणं आहे असं अवाक्षर काढलं नव्हतं.

"म्हणजे हे सगळे दोनदा जेवणार होते!" नोबुहारू म्हणाला.

"ओसाकाचे व्यापारी आहेत ते," आत्या म्हणाली. "तिसरं बोलावणं असतं तर तिसऱ्यांदा जेवले असते."

चारला पाच मिनिटं असताना किमिएचा फोन आला. "अहो, छापखान्याचा माणूस येऊन बसलाय. कुठे आहात?"

"त्याला इकडे पाठव. पुलाच्या पलीकडे."

"कुठे?"

"पलीकडे. आणि तू पण ये."

छापखान्याचा माणूस आला. पुस्तिका आता एकच, दोन्ही कारखान्यांची मिळून, हे त्याला तीन जणांनी एकदम सांगितलं. त्याने निमूटपणे फोटो घेतला, उजेडात धरला आणि खिशातून पेन काढलं.

"खाली नावं टाकायची आहेत. यातले तुमचे आजोबा कोणते?"

नोबुहारूने आणि सुमिकोने एकाच वेळी बोट दाखवलं. दोघांचंही चुकलं. चुकलं हे दोघांच्याही लगेच लक्षात आलं, पण बोट मागे कुणीच घेतलं नाही.