पिशवीचं ऑपरेशन

टुक्.

दुपारच्या शांततेत वजनकाटा एवढ्या मोठ्याने वाजेल असं तिला वाटलं नव्हतं. पलंगावर लेक ठकू झोपली होती, आतल्या खोलीत सासूबाईंचा डोळा लागला होता, शिवणाचं मशीनसुद्धा गप्प होतं. पडद्याच्या कापडाच्या गठ्ठ्यामागे लपवलेला काटा तिने हळूच बाहेर ओढला होता. चपला काढून, बांगड्या काढून, श्वास रोखून ती त्यावर चढली होती. जणू रोखलेला श्वास वजनात धरत नाहीत.

एकशे बारा किलो, चारशे ग्रॅम.

"काय वाजलं गं?" आतून सासूबाईंनी विचारलं.

"मशीन."

"बंद मशीन वाजतं?"

"तेल कमी पडलंय, आई."

काटा परत गठ्ठ्यामागे गेला. मशीनला नसलेला आजार चिकटवून ती खुर्चीत बसली. इतकं साधं खोटं बोलायलाही आजकाल धाप लागत होती.

इमारतीत सगळे तिला टेलरताई म्हणत. चारी मजल्यांवरच्या बायकांची मापं तिच्या वहीत होती आणि एकीचं माप तिने कधी दुसरीच्या कानावर घातलं नव्हतं. स्वतःचं माप मात्र तिने चार वर्षांत घेतलं नव्हतं. कापड पुरेल का, एवढंच ती नजरेने बघे.

ह्या सगळ्याची सुरुवात ठकूच्या शाळेच्या मैदानावर झाली होती. आई आणि मूल हात धरून पळायची शर्यत होती. "माझा गुडघा दुखतोय," असं ती म्हणाली आणि ठकू शाळेच्या शिपाईमामांचा हात धरून पळाली, शेवटून दुसरी आली. गुडघा खरंच दुखत होता, पण कारण तो नव्हता. पळताना लोक आपल्याकडे बघतील, हे कारण होतं. घरी येताना ठकू म्हणाली, "मामांना पळता येत नाही, आई. पुढच्या वेळी तू ये." त्यानंतर आठवड्याभरात ती नवऱ्याला घेऊन सर्जनसमोर बसली. तपासण्या झाल्या. रक्तात साखर निघाली, झोपेत श्वास अडकतो असंही निघालं. सर्जनने कागद ओढला आणि चित्र काढलं.

"हे तुमचं जठर. पिशवीच समजा. ह्यातला मोठा भाग कापून काढायचा आणि उरलेल्याची अशी लांब नळी ठेवायची. त्याला आम्ही स्लीव्ह म्हणतो."

"बाही!" दवाखान्यात आल्यापासून ती पहिल्यांदाच मोकळं बोलली.

"हो, बाहीच."

"फिटिंगची?"

"अगदी फिटिंगची."

"आणि शिलाई उसवली तर?"

सर्जन हसला नाही. "पिनांच्या रांगा असतात. उसवायची शक्यता कमी असते, पण नसतेच असं मी म्हणणार नाही."

दुसरा प्रकार बायपासचा होता. पिशवीचा एक छोटा कप्पा करायचा आणि आतडं थेट तिथे आणून जोडायचं. नवरा लिफ्टचा मेकॅनिक, त्याला हा फार पटला. "म्हणजे मधले मजले सोडून एकदम खाली!" पण तिने तीन वेळा दोन्ही चित्रं पाहिली, दोन्हीचे फायदे-तोटे विचारले आणि ठरवलं. जोडकाम नको, बाहीच.

"एकदा कापलं की परत लावता येत नाही," सर्जन म्हणाला. "ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे फक्त पातळ खायचं. यकृत आक्रसायला हवं, नाहीतर आत हात घालायला जागा मिळत नाही. चार किलो तरी उतरायला हवेत. आणि घरी सगळ्यांशी बोला. घरच्यांच्या मदतीशिवाय हे जमत नाही."

"बोलते," ती म्हणाली.

घरी सगळे म्हणजे सासूबाई. आणि सासूबाईंनी त्याच महिन्यात टीव्हीवर अशी एक जाहिरात बघताना म्हटलं होतं, "पोट कापून बारीक होतात म्हणे! अगं, तुझ्याकडे सुईदोरा आहेच. तोंडालाच दोन टाके घालायचे, फुकटात काम!" तीही हसली होती. सगळ्यांत जास्त तीच हसली होती. आणि तेव्हाच मनाशी ठरलं होतं की ह्या बाईला ह्यातलं काही कळता कामा नये.

पण दवाखान्याची फाईल कपाटात मावली नाही. वरून खाली पडली ती नेमकी सासूबाईंच्या पायाशी.

"हे काय? भरती व्हायची तारीख? कसलं ऑपरेशन आहे तुझं?"

नवरा एकदम खिडकीबाहेर बघायला लागला. तिथे समोरच्या भिंतीखेरीज काही नव्हतं. मशीनवर उरलेल्या कापडाची अर्धी शिवलेली पिशवी पडली होती आणि डोक्यात सर्जनचं चित्र होतं.

"पिशवीचं," ती म्हणाली.

खोटं नव्हतं ते. पण बायकांच्या बोलण्यात पिशवीचं ऑपरेशन म्हटलं की एकच पिशवी असते. सासूबाईंचा हात छातीशी गेला.

"ह्या वयात पिशवी काढायची? अगं बाई, आणि एवढं सगळं मनात ठेवून तू मशीन चालवतेस?"

त्यांनी जवळ येऊन तिच्या डोक्यावरून हात फिरवला. आठ वर्षांत पहिल्यांदा. टाळूवरून मानेपर्यंत, सावकाश. तेव्हाच सांगायला हवं होतं. 'आई, ती पिशवी नव्हे,' एवढंच म्हणायचं होतं. पण तो हात उचलला जाईल म्हणून ती गप्प बसली.

टेबलाखालून ठकूचं डोकं वर आलं. "कुठली पिशवी?"

"आतली," ती म्हणाली. "फार मोठी झालीय, म्हणून लहान करायची."

"का?"

"मोठी पिशवी चांगली नसते गं."

"काढायची ना?" सासूबाईंनी मध्येच विचारलं.

"लहान मुलांना काय सगळं सांगायचं, आई!" नवरा म्हणाला. ह्या सगळ्या प्रकरणात त्याने केलेली ही एकमेव मदत.

दुसऱ्या दिवसापासून सासूबाईंनी पदर खोचला. "माझी काढली ना, अडतिसाव्या वर्षी. कुणी दुधाचा पेला हातात दिला नव्हता. सहा महिने भिंत धरून चालत होते मी. तुझं तसं होऊ देणार नाही." सकाळी उठल्याबरोबर साय न काढलेलं दूध, त्यात खजूर. दहाला दोन अंडी. जेवणानंतर बदाम. चारला लोणी थापलेला पाव. आहारतज्ज्ञ बाईंची यादी फ्रिजवर नव्हे, मशीनच्या खणात रिळांखाली होती. त्यावर होतं पातळ सूप, ताक, प्रथिनांची भुकटी आणि पाणी.

"आई, मला पातळच खायला सांगितलंय."

"दूध पातळच असतं!"

"लोणी?"

"वितळलं की पातळ!"

पहिले चार दिवस नवऱ्याने तिच्या वाटणीचं खाल्लं. सासूबाईंची पाठ वळली की ताटलीची अदलाबदल व्हायची. पाचव्या दिवशी कामावर सहा मेकॅनिक एका लिफ्टमध्ये चढले आणि जादा वजनाची घंटा वाजली. रोज हेच सहाजण चढायचे. साहेबाने एकेकाला उतरवून बघितलं. हा उतरला आणि घंटा थांबली.

"माझ्याच्याने आता होणार नाही," तो घरी येऊन हळूच म्हणाला. "तू आईला सांगून टाक."

"उद्या सांगते."

"काल पण उद्याच म्हणालीस."

सहाव्या दिवशी सासूबाईंनी फोन करून नणंदेला बोलावून घेतलं. नणंद मोठा केक घेऊन आली आणि गळ्यात पडून रडली. "वहिनी, मन खट्टू करू नका. एक तर एक. ठकू आहे ना!" मग ठकूला मांडीवर ओढून तिचे गाल चिमटीत धरत म्हणाली, "बघा तरी, अगदी आईच्याच अंगाची उतरलीय. गुबगुबीत!"

"आईचा साचाच आहे," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या.

ठकू खूश झाली. तिने आईच्या दंडाला आपला दंड लावून बघितला.

त्या संध्याकाळी सासूबाई पावाचा तुकडा घेऊन मशीनपाशी आल्या. तिच्या हातात कापड होतं, तोंडात टाचण्या होत्या. "काढ त्या टाचण्या. आ कर," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच्या हाताने भरवलं. तिला आपली आई आठवली, जिने ती नऊ वर्षांची असताना असंच भरवलं होतं आणि नंतर भरवायला राहिली नाही. तिने तोंड उघडलं. तो तुकडा खाल्ला. मग दुसरा. पुढचे आठ दिवस रोज चारला ती तोंड उघडत राहिली. मनाची समजूत घालत राहिली की हे लोणी नाही, माया आहे. काट्याला तेवढा फरक कळत नव्हता.

शेवटच्या तपासणीला सासूबाई फाईल छातीशी धरून बरोबर आल्या. नको म्हणायला तिच्याकडे कारणच नव्हतं. नर्सने वजन घेतलं, आकडा लिहिला, परत घेतलं. सर्जन आला, त्याने कागद बघितला आणि खुर्चीत मागे टेकला.

"एकशे तेरा. वाढलंय. परवाचं ऑपरेशन मी करू शकणार नाही."

"का करू शकणार नाही?" सासूबाई पुढे सरकल्या. "वजनाचा काय संबंध? अशक्तपणा नको म्हणून मीच तिला दूध, अंडी, लोणी..."

सर्जनने चष्मा काढला. "लोणी?"

"मग! पिशवी काढायची म्हणजे अंगात ताकद नको?"

"आजी, पिशवी काढायची नाही. लहान करायची आहे."

"लहान करून काय उपयोग?"

"त्यांना कमी खाता येईल."

"अहो डॉक्टर," सासूबाईंना आता त्याची कीव यायला लागली होती, "त्या पिशवीने कुणी खातं का?"

खोलीत नर्स होती. ती एकदम पाठ करून कपाट आवरायला लागली. तिचे खांदे हलत होते. सर्जनने तो जुना कागद काढून सासूबाईंपुढे ठेवला. अन्ननलिका, जठर, बाही. सासूबाईंनी चित्र बघितलं, मग सुनेकडे बघितलं. त्यांना काही विचारावं लागलं नाही.

"सहा आठवड्यांनी या," सर्जन म्हणाला. "आणि ह्या वेळी खरंच घरी बोलून या."

परतीच्या रस्त्यात सासूबाई दहा पावलं पुढे चालत होत्या. तिला गाठता येत नव्हतं. इमारतीच्या जिन्यात मात्र त्या थांबल्या, पहिल्या वळणावर, जिथे ती रोज थांबायची.

"पंधरा दिवस मी तुला भरवत होते," त्या म्हणाल्या, "आणि तू गिळत होतीस. सांगायला तेवढं तोंड नव्हतं तुझं?"

"तुम्हीच म्हणाला होतात, आई. तोंडाला दोन टाके घाल म्हणून."

"मी? कधी?"

"टीव्ही बघताना."

सासूबाईंनी खूप आठवून बघितलं. त्यांना आठवेना. हे तिला जास्त लागलं. ज्या वाक्यापायी तिने तारीख घालवली, ते बोलणाऱ्याच्या लक्षातही नव्हतं.

"तू हसली होतीस का तेव्हा?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग मला कसं कळणार गं?" आवाज चिडका होता, पण त्यांनी फाईल काखेत मारली आणि दुसरा हात पुढे केला. "चल. धर. अजून दोन मजले आहेत."

घरात शिरल्याबरोबर त्यांनी फ्रिजमधला उरलेला केक नणंदेकडे धाडून दिला, लोण्याचा डबा शेजारी पाठवला आणि यादी मागितली. रिळांखालून निघालेला चुरगळलेला कागद तळहाताने सपाट करून त्यांनी फ्रिजवर लावला. "सहा आठवडे मीही हेच पिणार," त्या म्हणाल्या. भुकटी पाण्यात कालवून एक घोट घेऊन बघितला. "शी! हे दवाखान्यातच राहू द्यायचं ना!" नवरा हसला. तीही हसली, आणि ह्या वेळी तिला कुणापेक्षा जास्त हसावं लागलं नाही.

मशीनपाशी बसून तिने अर्धवट राहिलेला ब्लाऊज हातात घेतला, टाचण्या ओठांत धरल्या. मेजाखाली काहीतरी खुडबुडलं. ठकू बाहेर आली. तिच्या हातात दारामागे टांगलेल्या कापडी पिशवीचे कापलेले दोन तुकडे होते. मोठा तुकडा तिने जमिनीवर टाकला. छोट्याला वेड्यावाकड्या टाक्यांनी शिवून घेतलं होतं. त्यात फार तर एक रीळ मावलं असतं.

"बघ, मी लहान केली. एकटीने."

तिने मान हलवली. टाचण्यांमुळे शाबासकी तोंडातच राहिली.

मग ठकूने आईच्या गळ्यातली टेप काढली, फ्रॉक वर केला आणि आई बायकांची मापं घेते तशीच टेप नीट स्वतःच्या पोटाभोवती गुंडाळली. आकड्यावर बोट ठेवून तो दोनदा वाचला. वर बघितलं. चेहऱ्यावर भीती नव्हती, फक्त आपली पाळी केव्हा येणार एवढंच विचारायचं होतं.

"आई, मी अगदी तुझ्यासारखी आहे ना? मग माझी पिशवी कधी लहान करायची?"

तिने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या. शेवटची काढून झाली, तरी ठकू टेप धरून वाट बघत उभीच होती.