तळेबाईंना बसवायचं कसं

निवडणूक संपेपर्यंत घराचं दार सरांनी उघडायचं नाही, असं तळेबाईंनी बजावून ठेवलं होतं. पण त्या सकाळी बेल थांबेचना, आणि सरांनी ठरवलं की दार तर उघडायचंय, तोंड थोडंच उघडायचंय. (माणसाचा घात होतो तो अशा छोट्या ठरवण्यांनीच.)

सर म्हणजे निवृत्त प्राध्यापक. मराठी क्रियापदांच्या अर्थछटांवर त्यांची पीएच.डी. होती. तळेबाई म्हणजे त्यांची बायको. शहराबाहेरचं तळं बुजवायला आलेल्या पहिल्या डंपरपुढे त्या आडव्या झाल्या, तेव्हापासून त्यांना हे नाव पडलं. तळ्याच्या बाबतीत दोन्ही मोठे पक्ष एकाच डंपरमध्ये बसलेत हे दिसल्यावर त्यांनी तिसऱ्याच, मूठभर माणसांच्या पक्षाचा झेंडा हाती धरला. पहिल्या निवडणुकीच्या वेळी चहा पिता पिता त्या म्हणाल्या होत्या, "अहो, मी उभी राहतेय." सरांनी घाईघाईने शेजारची खुर्ची पुसून दिली होती.

त्या खेपेला अनामत गेली. पुढच्या खेपेलाही गेली. बाई मात्र निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तळ्याकाठी हजर, पाण्याचे नमुने बाटल्यांत भरत. हरूनही माणूस इतकं शांत कसं राहतं, हे सरांना कधी उमगलं नाही. त्यांना भाजीवाला वसकन बोलला तरी आठवडाभर झोप लागत नसे.

तर दारात कंत्राटदार उभा होता. तळ्याच्या जागी इमारती उठवू पाहणारा, आणि या निवडणुकीत बाईंच्या विरोधात असलेला.

"वहिनी नाहीत? बरंच झालं. सर, स्पष्ट बोलतो. वहिनींना बसवा."

सरांचा जीव भांड्यात पडला. ते काहीतरी अवघड ऐकायच्या तयारीत होते.

"मी रोज तेच सांगतो," ते म्हणाले. "या वयात उभं राहणं झेपत नाही तिला. गुडघे बोलतात."

"ऐकतील का पण?"

"गोडीने सांगितलं की ऐकते. संध्याकाळी चौकात सभा आहे, तिथेच बसवतो."

"चौकात? सगळ्यांदेखत?"

"त्यात लाजायचं काय?"

"वा, सर. मग खुर्चीचं आमच्याकडे लागलं."

"गादीची असेल तर बरं. कंबरही धरते तिची."

कंत्राटदाराने त्यांच्याकडे नव्या आदराने पाहिलं. इतका मुरलेला सौदेबाज त्याला उभ्या आयुष्यात भेटला नव्हता. "गादीची देऊ. पाच वर्षं हलणार नाही अशी देऊ."

"पाच वर्षं कशाला? आजची संध्याकाळ निघाली तरी पुष्कळ."

निवडणुकीत 'बसणं' म्हणजे माघार घेणं आणि 'खुर्ची' म्हणजे त्याबदल्यात मिळणारं पद, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. क्रियापदांच्या डॉक्टरांना नव्हतं.

दुपारपर्यंत गावभर झालं. बाई बसणार. नवऱ्याने सौदा केला. पक्षाचा अध्यक्ष (तोच खजिनदार, आणि एरवी शिंपी) गळ्यात टेप तशीच लोंबत ठेवून धावत आला.

"सर, पक्ष विकलात? तोही खुर्चीवर?"

तेवढ्यात बाई आल्या. सरांनी त्यांना सगळं संभाषण जसंच्या तसं सांगितलं, गादीसकट. (खोटं बोलायलाही एक आत्मविश्वास लागतो.) आता आभाळ कोसळणार म्हणून ते भिंतीला टेकले.

"गादीची म्हणालात?" बाईंनी विचारलं आणि त्या डोळ्यांना पदर लावून हसत सुटल्या. मग एकदम थांबल्या. "पण लोक म्हणतील, हीसुद्धा विकली गेली. मग तळ्यासाठी पुन्हा कोण येईल?"

"फोटोपुरती एक खरीच खुर्ची पाठवलीय त्याने चौकात," शिंपी पुटपुटला. "लाल मखमलीची."

बाईंच्या सभेला एरवी पंधरा माणसं, त्यात तीन घरची. आज चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. सगळी त्यांना बसताना बघायला आली होती. मधोमध ती लाल खुर्ची, आणि पहिल्या रांगेत फोटोग्राफरला घेऊन कंत्राटदार.

बाईंनी चपला काढल्या. एक हात सरांच्या खांद्यावर ठेवला आणि त्या खुर्चीवर चढून सरळ उभ्या राहिल्या. गुडघे कटकन वाजले ते मागच्या पानाच्या टपरीपर्यंत ऐकू गेलं.

"यांनी मला बसवायचं कबूल केलंय," त्या म्हणाल्या. "यांचा शब्द मी सहसा मोडत नाही. पण तळं आहे तोवर मी उभी आहे. खुर्ची ज्याची त्याने मी उतरले की घेऊन जावी. पाय पुसून देते."

मग मागून कोणीतरी टाळी वाजवली, आणि ती थांबायचं नाव घेईना. खाली वाकून, दोन्ही हातांनी खुर्चीचे पाय घट्ट धरलेल्या सरांना फक्त बाईंच्या टाचा दिसत होत्या. भेगाळलेल्या, तळ्याचा चिखल वाळलेल्या. 'उभं राहणे' या क्रियापदावर त्यांनी प्रबंधात एक अख्खं प्रकरण लिहिलं होतं. आता वाटलं, ते नव्याने लिहायला हवं. किंवा नकोच लिहायला.

बाई निवडून आल्या. तळं आहे तिथेच आहे. या विजयात सरांचा वाटा एवढाच, की मतदानाच्या दिवशी बाईंनी त्यांना एकच काम दिलं होतं. "केंद्राबाहेर आपल्या टेबलापाशी नुसतं बसा. बोलू नका."

संध्याकाळी बाई न्यायला आल्या, तर सर रिकाम्या स्टुलाशेजारी उभे. पाय सुजलेले.

"अहो, बसा म्हटलं होतं ना?"

"म्हणालीस खरी," सर ओशाळून म्हणाले. "पण नेमकं कोणत्या अर्थाने, ते विचारायचं राहिलं."

बाईंनी त्यांना खांद्याला धरून बसवलं. स्टुलाला गादी नव्हती.