निळ्या दाराची गौराक्का

गौराक्काच्या खानावळीत ताक सगळ्यात शेवटी मिळायचं, आणि ताक प्यायल्याशिवाय पाटावरून उठायचं नाही असा तिथला कायदा होता. ताक शेवटी वाढतात यात नवल नाही, साऱ्या मुलखात शेवटीच वाढतात. पण गौराक्का ते वाढायची स्वतःच्या आयुष्याचं एक प्रकरण सांगून झाल्यावर. भाकरी झाली, भात झाला, बोटं सुकली, गिरणीचा भोंगा होऊन गेला, तरी अक्का ताकाची कळशी मांडीशी धरून सांगतेच आहे, "मग मी काय केलं, ठावं हाय का?" कुणी उठायला लागला की त्याच्याकडे न बघता म्हणायची, "बस खाली. प्रकरण संपलं न्हाय अजून." तो मुकाट्यानं बसायचा.

मी त्या पंगतीतला जुना माणूस. सोलापुरात माझा छोटासा छापखाना. लग्नपत्रिका, गिरण्यांच्या नोटिसा, सभांची हँडबिलं असलं काहीबाही छापून पोट भरत होतो असं मी चारचौघांत सांगायचो, पण खरं म्हणजे पोट गौराक्का भरत होती. बायको गेल्यापासून माझ्या घरची चूल थंड होती. तेव्हा तिच्याशी भांडण मला परवडण्यासारखं नव्हतं, आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं.

अक्का अक्कलकोटकडची. उंच, हाडापेरानं दणकट, कपाळावर विभूतीचे पट्टे आणि त्यांच्याखाली ठसठशीत कुंकू. मराठी आमच्यासारखंच बोलायची, पण एखादा विषय निकालात काढायचा असला की कानडीत म्हणायची, "होगली बिडु." म्हणजे जाऊ दे, सोड. आमटी खारट झाली, होगली बिडु. गिऱ्हाईक पळालं, होगली बिडु. एकदा स्वयंपाकघराचं छप्पर उडालं तेव्हाही ती तेवढंच म्हणाली आणि उघड्यावर भाकऱ्या थापत बसली.

या बाईच्या डोक्यात आत्मचरित्राचं खूळ शिरलं ते माझ्यामुळे. गावात एक रावसाहेब होते, मामलेदारीतून पेन्शनीत निघालेले. त्यांचं आत्मवृत्त मी छापलं होतं. पुठ्ठ्याचं, सोनेरी अक्षरांचं. कौतुकानं एक प्रत खानावळीत नेली आणि पंगतीत वाचून दाखवू लागलो. अक्का तव्यापाशी ऐकत होती. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "ह्यात ह्येंची बायकू कुटं हाय?"

मी पानं उलटून वाचलं, "याच सुमारास माझा विवाह झाला. पुढे माझी बदली करमाळ्यास झाली."

"आन् मग?"

"मग करमाळ्याचं हवापाणी आहे."

"करमाळ्याला भाकरी कुणी थापली?" अक्का म्हणाली. "इतकी पानं करमाळ्याची, त्यात एक बी भाकरी न्हाय? हा माणूस तितं काय खाऊन ऱ्हायला?"

पंगत हसली. अक्का हसली नाही. तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "प्रेसवाले, मला बी असलं एक पुस्तक करायचंय."

"अक्का, आत्मचरित्र थोर लोकांनी लिहायचं असतं."

"ह्या गावातले थोर लोक कुटं जेवून थोर झाले, त्ये इचारा की एकदा," असं म्हणून तिनं माझ्या ताटात अशी एक भाकरी टाकली, की ती मोडायला मला दोन्ही हात लावावे लागले.

अक्काला वाचता यायचं अडखळत, लिहिण्याचा सराव नव्हता. मग जेवायला येणाऱ्यांना तिनं कामाला लावलं. पहिला मान कोर्टातल्या कारकुनाचा. त्यानं सुरुवात केली, "लिहून देणार गौराबाई, धंदा खानावळ, सबब खालील मजकूर सत्य असे." अक्कानं ते वाचून घेतलं आणि विचारलं, "मी कुणाचा खून केलाय का?" मग शाळामास्तर आले. त्यांनी अक्काच्या आईला 'जन्मदात्री' केलं आणि चुलीला 'अग्निनारायणाचे अधिष्ठान'. मास्तरांचं तूप बंद झालं. शेवटी खादी घालणारा एक तरुण वकील बसला. त्याच्या वहीत दर चार ओळींनंतर "देशभगिनींनो, जाग्या व्हा!" येत होतं. अक्का म्हणाली, "त्या जाग्याच हायत. पहाटेपासनं दळत्यात. तू उठतोस कवा?"

शेवटी लिहायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. दुपारची पंगत उठली की मी मागे थांबायचो. ती भांडी विसळता विसळता सांगायची आणि मी तसंच्या तसं उतरवायचो. एक शब्द इकडचा तिकडे केला, तर तिला वाचून दाखवताना बरोबर समजायचं. "ह्ये मी न्हाय बोलले, ह्ये तुमी बोलला. खोडा."

पुस्तक होतं मात्र फक्कड. त्यात साथीचे दिवस होते, गाव सोडून माळावर घातलेल्या झोपड्या होत्या, कुणाच्या दारी काय खाल्लं आणि कुणी दारात उभं केलं नाही ते नावानिशी होतं. नावानिशी होतं हीच पंचाईत झाली. प्रुफं माझ्या टेबलावर पडलेली, आणि छापखान्यात येणारा जो तो वाचून जायचा. शिवलिंगप्पा म्हणून पेठेतले मोठे कापडवाले होते. उमेदवारीच्या दिवसांत ते अक्काकडे जेवायचे. एका सणाला त्यांनी पुरणपोळी टोपीखाली घालून नेली होती आणि दारात पोचेपर्यंत तुपाचा ओघळ कानावर आला होता. हे प्रकरण वाचून शिवलिंगप्पा घामाघूम होऊन खानावळीत आले.

"अक्का, तेवढं काढ की. नातवंडं झाली मला."

"एक पोळी नेली म्हणून लिवलंय," अक्का म्हणाली. "दुसऱ्या दिवशी आनखी एक नेलीस, त्ये न्हाय लिवलं. घालू का?"

शिवलिंगप्पा ताक न पिता गेले. कायदा मोडलेला तेवढा एकच प्रसंग मला आठवतो.

खरी लढाई जुंपली ती पहिल्या पानावर. त्या काळी पुस्तक काढायचं म्हणजे एखाद्या बड्या माणसाची प्रस्तावना हवी. ती असली की आगाऊ ग्राहक नावं नोंदवतात आणि कागद विकत घेता येतो. मी रावसाहेबांचे पाय धरले. करमाळ्याच्या भाकरीची गोष्ट त्यांच्या कानावर गेली नव्हती, त्यामुळे ते कबूल झाले आणि त्यांनी प्रस्तावना लिहूनही दिली. पण मुखपृष्ठाचं प्रुफ पाहून त्यांनी चष्मा काढला.

"नुसतं गौराबाई? नावाआधी सौभाग्यवती लावायचं की गंगाभागीरथी? आणि यजमानांचं नाव कुठं आहे?"

मी तसाच खानावळीत गेलो. पंगत बसलेली होती. हळू आवाजात विचारायला हवं होतं, पण छापखान्यातल्या खडखडाटानं माझा आवाज कायमचा मोठा झालेला. सगळ्यांचे हात ताटात थांबले. अक्काचे यजमान कुठे आहेत हे तिच्यासमोर आजवर कुणी विचारलं नव्हतं. पुस्तकात त्यांच्याबद्दल एकच ओळ होती, "मालक घोंगड्यांचा गठ्ठा घेऊन हुबळीकडं गेले." पुढची ओळ थेट पिठाच्या भावाबद्दल. मी एकदा तिला चिडवलंही होतं, की रावसाहेबांनी बायकोला एका ओळीत उडवलं आणि तू नवऱ्याला, फिट्टंफाट झाली.

अक्कानं वाढणं चालूच ठेवलं. "मालक हायत का न्हाईत, मला ठावं न्हाय," ती म्हणाली. "रावसाहेबांस्नी ठावं आसंल तर त्येंनी छापावं. मी कुंकू लावते. येतो म्हणून गेलाय माणूस, जातो म्हणून न्हाय."

"मग सौभाग्यवती लावू?"

"का? खानावळ मी घातली. माझ्या नावाम्होरं कुणी न्हाय आन् मागं बी कुणी न्हाय. नुसतं नाव छापा. त्याला काय हुतंय?"

व्हायचं ते झालं. रावसाहेबांनी प्रस्तावना परत मागवली. ज्या बाईला आपण सुवासिनी की विधवा हे सांगता येत नाही, तिच्या पुस्तकाला आपलं नाव लावणं शिष्टाचाराला धरून नाही, असं त्यांनी वाचनालयात चारचौघांत सांगितलं. आगाऊ ग्राहक एकेक करून गळाले. मी ही बातमी घेऊन गेलो तेव्हा मला वाटलं, आता तरी बाई थोडी नमेल. तिनं पदराला हात पुसले आणि म्हणाली, "होगली बिडु. कागद हलका लावा. आन् त्ये पुढचं पान मोकळं झालं न्हवं? तितं माझा एक मजकूर घाला."

तो मजकूर तिनं मला उभ्या उभ्या सांगितला. स्टेशनापासून खानावळीपर्यंतची वाट.

"ठेशनातनं भायेर आल्यावर टांगा करू नये, टांगेवाले परक्याला फिरिवत्यात. नवी पेठ इचारावी. तितनं मधल्या मारुतीला यावं. मारुतीकडनं बाळीवेशीच्या वाटंला लागावं. डाव्या अंगाला लिंबाचं झाड हाय, त्येच्यामागं निळं दार. दार लावलेलं दिसलं तरी परत जाऊ नये. कडी वाजवावी."

मला रागच आला. एवढं लढून मिळवलेलं पुस्तक, आणि त्याच्या तोंडाला हँडबिल? मी म्हणालो, "अक्का, लोक हसतील. रावसाहेब तर टपूनच बसलेत. आणि सोलापुरात तुझी खानावळ कुणाला ठाऊक नाही?"

"सोलापुरात हाय त्येला ठावं हाय."

"मग?"

ती चुलीकडे वळली. लाकूड आत सारलं, पुन्हा बाहेर ओढलं. "मालक गेले तवा आमी कसब्यात ऱ्हात हुतो," ती म्हणाली. "मागनं साथ आली. आमची आळी मोकळी केली. मी माळावर गेले, तितनं हितं आले. ती जुनी खोली पाडली की. माणूस आला तर कुटं यील, प्रेसवाले? कसब्यात कुणाला इचारील? त्या आळीतलं कुणी ऱ्हायलं न्हाय."

इतकी वर्षं हिच्या हातचं जेवलो, हिचं अख्खं आयुष्य माझ्या हातानं लिहिलं, आणि हे पुस्तक कुणासाठी चाललंय हे मला कळलं नव्हतं. मला त्या क्षणी तिची फार माया आली आणि त्या घोंगडीवाल्याचा संताप आला.

"आणि आलाच तो, तर काय करशील?" मी विचारलं.

"ऊट माडू म्हणीन. जेव. मग समदी प्रकरणं ऐकवीन, पयल्यापासनं. तवर ताक न्हाय."

तो मजकूर मी पहिल्या पानावर घातला. छापखान्यातले सर्वांत मोठ्या अक्षरांचे खिळे काढले, जे मी सर्कशीच्या जाहिरातीला वापरायचो.

रावसाहेब म्हणाले, ही खानावळीची जाहिरात आहे. गावात बरेच जण हसले. अक्कानं त्यांच्यासाठी छापलंच नव्हतं. परगावी निघालेल्या प्रत्येकाच्या पिशवीत ती भाकरीबरोबर एक प्रत घालायची. "गुलबर्ग्याच्या धर्मशाळेत ठेव. हुबळीला बाजारात कुणी वाचणारा आसंल तर दे." आमच्यातला कुणी लग्नाला जावो की मयताला, पुस्तक बरोबर असायचंच. शिवलिंगप्पासुद्धा मालाच्या खरेदीला जाताना गठ्ठाभर प्रती घेऊन गेले. पोळीचं पान मात्र प्रत्येक प्रतीतून त्यांनी वाटेत फाडलं असावं, असा माझा संशय आहे.

पुढे जागेच्या धन्यानं साऱ्या चाळीची दारं हिरवी रंगवायला काढली. अक्का दारात पाट टाकून बसली. "पुस्तकात निळं हाय," एवढंच तिचं म्हणणं. रंगारी दोन दिवस खेपा घालून दमला. त्या चाळीत आजही एकच दार निळं आहे.

मग एका वळवाच्या वादळात ते कडुलिंबाचं झाड मुळासकट पडलं. मी तिला म्हणालो, "अक्का, काळजी करू नको. नवी आवृत्ती काढू आणि झाड गाळून टाकू." माझ्या मनात होतं, की आता तरी ती होगली बिडु म्हणेल.

"जी पुस्तकं गेली, त्येंचं काय?" ती म्हणाली. "झाड लावते की."

तिनं त्याच खड्ड्यात लिंबाचं रोप लावलं आणि खानावळीला नवा कायदा केला. ताक झाल्यावर कुणी मोरीवर हात धुवायचे नाहीत, बाहेर जाऊन रोपावर धुवायचे. कोर्टाचे कारकून, शाळामास्तर, वकील, मी, सगळे तांब्या घेऊन रांगेत उभे राहतो. रोप आता गुडघ्याएवढं झालं आहे. त्याला लिंबाचं झाड म्हणायला अजून बराच अवकाश आहे, हे अक्काही जाणते.

परवा माझे हात धुवून झाले, तरी तांब्यात पाणी उरलं होतं. मी ते सगळं रोपाला घातलं.