दामलेकाकूंची मंडळी

दामलेकाकूंची बेल वाजवली की दाराआडून आधी प्रश्न येतो, “हाताला सॅनिटायझर लावून आलायस का?” हो म्हटलं की दार उघडत नाही. “मग साध्या पाण्याने धुऊन ये. आत मंडळी आहेत.”

मंडळी म्हणजे बाल्कनीतल्या झाकलेल्या बादलीतले जिवाणू.

काकू कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीत एकट्या राहतात. नोकरी कारखान्यांतल्या टाक्यांचं पाणी तपासण्यात गेली. निवृत्त झाल्यावर त्यांची नजर पडली सोसायटीच्या कारंज्यावर. हौदाच्या कडेला बुळबुळीत थर, आणि वास असा की पाहुणे विचारायचे, “इथे गटार तुंबलंय का?” कमिटी ब्लीचिंग पावडर ओतायची. चार दिवस बरे जायचे, की थर पुन्हा हजर.

“पावडरीने चांगले-वाईट सगळेच मरतात,” काकूंनी मीटिंगमध्ये सांगितलं. “मग रिकाम्या घरात पहिलं कोण घुसतं? गुंड! त्यापेक्षा एसटीत रुमाल टाकतात तसं करायचं. मातीतलेच साधे, निरुपद्रवी जिवाणू आधी सोडायचे. ते जागा धरतात, खाणं फस्त करतात. बाकीच्यांना उभं राहायला जागा नाही.”

“पिण्याच्या टाकीतही सोडणार?” आमचे अध्यक्ष परांजपे दचकले.

“तिथे क्लोरीनच. मी विक्षिप्त आहे, मूर्ख नाही.”

तेव्हापासून काकू रोज सकाळी बादलीतली मंडळी तांब्याने हौदात सोडायच्या आणि मागे राहिलेल्यांना गूळपाणी पाजायच्या. कुणी फिनेल घेऊन हौदाजवळून गेलं तरी ओरडायच्या, “जेवणं चाललीयेत! लांबून जा!”

स्नेहसंमेलन जवळ आलं तसे परांजपे पावडरची पिशवी घेऊन निघाले. काकू सरळ हौदाच्या कठड्यावर बसल्या.

“काकू, उठा. पाहुणे यायचेत.”

“माझे आलेत. जेवत्या पाहुण्यांना उठवायची पद्धत आमच्यात नाही.”

परांजप्यांनी पिशवी परत नेली. स्नेहसंमेलनापर्यंत वास गेला, पाणी तळ दिसेल इतकं निवळलं. भाषणात परांजप्यांनी ‘कमिटीच्या अथक परिश्रमांचे’ आभार मानले. काकू बसल्या जागेवरून म्हणाल्या, “अहो, पण कमिटीत एवढे कोटी सभासद कधी घेतलेत?”

गेल्या महिन्यात त्यांनी मला बोलावलं. “मोतीबिंदू काढायचाय. उद्या मंडळींना गूळपाणी तू घाल. कोमट घाल, गरम नको. आणि त्यांच्याशी दोन शब्द बोल. सवय आहे त्यांना.”

“जिवाणूंना?”

काकू बादलीवरचं फडकं नीट करत राहिल्या.

“तुमच्याबरोबर कोण येतंय?” मी विचारलं.

“रिक्षावाला.”

दुसऱ्या दिवशी मी गूळपाणी घातलं आणि रजा टाकून काकूंच्या रिक्षात जाऊन बसलो. “तुला काही कामधंदा नाही का?” एवढंच म्हणून त्यांनी सरकून जागा केली.

परत येताना एका डोळ्यावर पट्टी होती. पायऱ्या चढताना त्यांनी माझा हात धरला. पायऱ्या संपल्या, कुलूप उघडलं, त्या खुर्चीत बसल्या, तरी हात काही सोडला नाही. मीही दुसऱ्या हाताने पंखा लावला आणि तिथेच शेजारी टेकलो.