आर्लोकाकांचा अर्ज

आमच्या जिल्ह्यात माझ्या तोडीचा इंजिनिअर दुसरा नाही, हे मी बायकोला, वैजूला, कित्येक वर्षं सांगत आलोय. तिचा काही विश्वास बसत नव्हता. पण अमेरिकन सरकारला नेमकं हेच लेखी हवं होतं, तेव्हा मी मनातून फार सुखावलो!

त्याचं असं झालं. विस्कॉन्सिनमधल्या आमच्या चीजच्या कारखान्याने माझं ग्रीनकार्ड करायचं ठरवलं. माझा कामाचा परवाना संपत आला होता. हे जमलं नाही, तर घर विकून, पोरीला शाळेतून काढून परत जावं लागणार होतं. आणि इथला कायदा असा, की आधी कंपनीने माझ्याच नोकरीची जाहिरात द्यायची. पेपरात छापायची, कारखान्यात भिंतीवर चिकटवायची. एखादा लायक अमेरिकन नागरिक पुढे आला, तर माझी फाईल बंद. म्हणजे मुंडावळ्या बांधून मांडवात उभं राहायचं, आणि नवरीला दुसरं चांगलं स्थळ येतंय का याची वाट बघायची.

"कोण येतंय?" मी वैजूला म्हटलं. "हे येऱ्यागबाळ्याचं काम नाही."

खोटं नव्हतं ते. आमची यंत्रं माझ्याहून वयस्कर. बिघडतात ती नेमकी सुटीच्या दिवशी, आणि दुरुस्त करणाऱ्याच्या अंगाला नासक्या दुधाचा वास आठवडाभर राहतो.

जाहिरात कँटीनच्या भिंतीवर लागली, आणि दुपारपर्यंत कारखानाभर झालं, की याला काढलं. ही ग्रीनकार्डापुरती जाहिरात आहे, हा खालचा बारीक मजकूर कुणी वाचलाच नाही. इथली माणसं इतकी भिडस्त, की तोंडावर कुणी विचारेना. त्याऐवजी मला खायला घालू लागली. हिशेब खात्यातल्या डार्लीनबाईंनी बटाटे आणि चीज घालून भाजलेलं काहीतरी परातभर आणलं, माझ्या खांद्यावर थोपटलं आणि डोळे पुसत निघून गेल्या. समजवायला गेलो तर म्हणाल्या, "कळतं रे. माणसाला स्वाभिमान असतो." शुक्रवारी निरोपाचा केक आला. मी तो कापला. एवढ्या प्रेमाने आणलेल्या केकला नाही कसं म्हणायचं?

इथवर ठीक होतं. पण डार्लीनबाईंनी ही बातमी आर्लोकाकांच्या कानावर घातली. आर्लोकाका म्हणजे माझ्याआधी याच खुर्चीवर बसून निवृत्त झालेले गृहस्थ. यंत्रं मला त्यांनी शिकवली, आणि माझ्या पोरीला गोठलेल्या तळ्यावर मासे धरायलाही त्यांनीच. जिल्ह्यात हे काम येणारे ते एकटेच अमेरिकन नागरिक. त्यांनी काय करावं? अर्ज केला!

माझ्या ग्रीनकार्डाचं काम बघणाऱ्या वकीलबाईंना मी फोन लावला.

"माणूस लायक आहे का?" त्यांनी शांतपणे विचारलं.

"मला त्यांनीच शिकवलंय."

"मग अवघड आहे. आणि हे बघा, त्यांच्याशी या विषयावर तुम्ही एक शब्द बोलायचा नाही. बोललात तर सगळंच संपलं."

रविवारी काका धुरी दिलेला मासा घेऊन घरी हजर. मी हवेबद्दल बोललो. मग उद्याच्या हवेबद्दल बोललो. विस्कॉन्सिनमध्ये हवेवर बराच वेळ काढता येतो, पण शेवटी तीही संपली. वैजू स्वयंपाकघरात पातेली आपटत होती. निघताना काका तिला हळूच म्हणाले, "फार मनाला लावून घेतलंय याने. तू काळजी करू नकोस, मी बघतो."

तेच तर नको होतं! दार लागल्यावर वैजू पातेलं हातात घेऊनच बाहेर आली. "त्यांचे पाय धरू का मी?" म्हणाली. माझाही धीर सुटला होता. घराची काय किंमत येईल, हे त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा बोललो.

काकांची मुलाखत झाली. आत काय घडलं ते मॅनेजरने मला नंतर सांगितलं. कधीपासून येणार, असं विचारल्यावर काका म्हणाले, "उद्यापासून. कुणी परका बसायला नको म्हणून मी खुर्ची धरून ठेवतो. तुमचं डोकं ठिकाणावर आलं, त्या पोराला परत बोलावलंत, की मी उठलो."

"आणि नाही बोलावलं तर? कायम कराल ही नोकरी?"

काका टोपी घेऊन उभेच राहिले. "कायम? मला काय वेड लागलंय?"

मॅनेजरने हे शब्द जसेच्या तसे लिहून घेतले. ज्याला नोकरीच नको तो अर्जदार धरायचा नसतो, असं वकीलबाई म्हणाल्या. दुसरा अर्ज आलाच नव्हता. फाईल पुढे सरकली, आणि वैजूने देवापुढे साखर ठेवली.

मंजुरी आली तेव्हा तळं पुन्हा गोठलं होतं. काकांच्या तिथल्या लाकडी खोपटात, बर्फाला पाडलेल्या भोकात गळ सोडून आम्ही दोघं बसलो. आता बोलायची मोकळीक होती. मी सगळं सांगितलं, आणि काका पोट धरधरून हसले. मग मी जरा ताठ बसलो.

"पण काही म्हणा काका, एवढ्या मोठ्या देशात माझ्या जागेवर बसेल असा एक माणूस निघाला नाही."

काकांनी गळ वर ओढून पाहिला, पुन्हा पाण्यात सोडला.

"पोरा, ती जागा कुणाला हवी असती, तर तुला इतक्या लांबून कशाला आणला असता?"

घरी आल्यावर हे संभाषण मी वैजूला सांगितलं. माझ्या वाक्यापर्यंत.