उशाखालचा नीलम

वासुदेवरावांची सगळी नोकरी वजनमापे खात्यात कारकुनी करण्यात गेली, त्यामुळे तराजू दिसला की तो त्यांना खोटाच वाटे. (स्वतःच्या लग्नात हार घालण्याआधी त्यांनी तो उलटा करून पाहिला होता, असं सासरचे लोक अजून सांगतात.) अशा माणसाने बायकोला नीलम घेऊन द्यायचं कबूल केलं, तिथेच घोडं पेंड खायला लागलं.

अनुसयाबाईंना गडद नीलम नको होता. आष्टीला त्यांच्या माहेरच्या शेतात जवस फुलायचा. त्या फुलासारखा फिका निळा खडा अंगठीत असावा, ही त्यांची लग्नापासूनची हौस. वर्ध्यातले सगळे सराफ वासुदेवरावांनी नुसत्या संशयावरून बाद केले होते, म्हणून दोघं सिंदी रेल्वे या गावी बंडूजी सराफांकडे गेले.

बंडूजी समजावून सांगत होते. फिका खडा दुकानातल्या दिव्याखाली पाहू नये, उन्हात न्यावा. मधोमध पाण्यासारखा रिकामा दिसला तर घेऊ नये. गडद खड्यात रेघ लपते, फिक्यात मात्र सगळं दिसतं. वासुदेवरावांनी भिंग लावलं. पहिला खडा अगदी स्वच्छ होता, म्हणजे काच. दुसऱ्यात बारीक रेघ होती, म्हणजे तडा. अशी रेघ तर अस्सल खड्यातही असते, असं बंडूजी म्हणाले, तेव्हा दोष दाखवून माल खपवायची ही युक्ती आपण ओळखून आहोत, असं वासुदेवरावांनी ऐकवलं. प्रमाणपत्र पुढे आलं, तर तेही शेवटी माणसानेच छापलेलं.

तेवढ्यात अनुसयाबाई तिसरा खडा घेऊन रस्त्यावर उन्हात उभ्या राहिल्या आणि परत आत यायलाच तयार होईनात.

"हाच पाह्यजे," त्या म्हणाल्या. "आमच्या वावरातला जवस आहे हा."

आता वासुदेवरावांनी शेवटचं अस्त्र काढलं. नीलम म्हणजे शनीचा खडा, तो मानवतो की नाही हे आधी पाहायला हवं. निळ्या कापडात बांधून तीन रात्री घरच्या कर्त्या पुरुषाच्या उशाखाली ठेवायचा, काही वाईट घडलं तर परत. रीतच ती. बंडूजींनी ओळखीवर खडा दिला. अनुसयाबाईंचं तोंड मात्र उतरलं, कारण आपल्या नवऱ्याला आजवर काहीच मानवलेलं नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पहिल्या सकाळी वासुदेवरावांचा डावा कान सुजला. दुसऱ्या रात्री ते कूस बदलून झोपले, तर उजवा सुजला. तिसऱ्या सकाळी उशीवर लाल मुंग्यांची रांग लागली होती. या पलंगावर जन्मात कधी मुंगी चढली नव्हती, शनी आला आणि मुंग्या आल्या, यापेक्षा आणखी पुरावा काय हवा? वाईट वाटण्याऐवजी त्यांना भारी समाधान वाटलं. तिकडे अनुसयाबाईंचे दिवस मात्र मजेत चालले होते. अबोला धरलेल्या नणंदेचा आपणहून फोन आला, गॅसचं सिलिंडरही सांगितल्या दिवशी आलं. (हेही वासुदेवरावांना संशयास्पदच वाटलं.)

चौथ्या दिवशी दोघं पुन्हा सिंदीला गेले. वासुदेवरावांनी न उघडलेली पोटली ऐटीत काउंटरवर ठेवली आणि दोन्ही कान दाखवले. बंडूजींनी गाठ सोडली. आतून चिकट साखरेचा गोळा आणि तीन मुंग्या निघाल्या.

"पाह्यलं? मले पह्यल्याच दिवशी डाउट आलता," वासुदेवराव चार गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं म्हणाले. "नीलम म्हणून साखर विकून राह्यला हा मानूस."

बंडूजींचा चेहरा पांढराफटक पडला. तेव्हा अनुसयाबाईंनी शांतपणे पदराची गाठ सोडली आणि फिका निळा खडा काउंटरवर ठेवला.

"बंडूजीवर काऊन ओरडता? पोटलीत देवाजवळची खडीसाखर मीच घातली," त्या म्हणाल्या. "खडा तीन दिवस माह्या पदरात होता. मले मानवला."

दुकानात कुणीतरी फिसकन हसलं. वासुदेवरावांचे आधीच लाल असलेले कान आणखी लाल झाले. बंडूजींनी खडा तराजूत टाकला, वजन दाखवलं. त्या दिवशी वासुदेवरावांनी आयुष्यात पहिल्यांदाच तराजूकडे पाहिलं नाही. मग जरा भीतभीतच बंडूजींनी विचारलं, "बाई, म्हंजे परत नाई कराचा न?"

"नाई," अनुसयाबाई नवऱ्याकडे हात करून म्हणाल्या. "न मानवलेलं परत देता आलं असतं, तं मी यायलेच नसतं का देलं? पन घेते कोन?"