दोन व्याही आणि एक इंजिन

घड्याळजींच्या दारात पडून असलेली जुनी गाडी मुलाला आणि सुनेला द्यायचं ठरलं, तेव्हा तिच्या इंजिनातला कॅम, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप करणारा दांडा, पार झिजलेला होता. सुनेचे वडील बसचे निवृत्त ड्रायव्हर. ते म्हणाले, "नुसता कॅम कशाला? रोलर लिफ्टरच टाकू. घरी केलं तर स्वस्तात होईल."

लिफ्टर म्हणजे कॅमवर बसून व्हॉल्व्ह उचलणारे बोटभर तुकडे. जुने कॅमवर घासत राहतात. रोलरवाल्यांच्या पायाला चाक असतं. ड्रायव्हरांनी ते भंगारातून आणले, त्याला जुळणारा कॅमही आणला. लिफ्टर उंच निघाले. त्यामुळे वरचे दांडे, म्हणजे पुशरॉड, लांब पडायला लागले.

"कापू की!" ड्रायव्हर म्हणाले.

घड्याळजी डोळ्याला भिंग लावून माप घेत आणि ड्रायव्हर "केसभर इकडेतिकडे चालतं" म्हणत करवत चालवत. पहिलाच पुशरॉड नखभर आखूड झाला. पुन्हा भंगारवाला.

त्याच आठवड्यात मुलगा एकटाच घरी आला. बूट न काढताच दारात म्हणाला, "बाबा, ती आणि मी वेगळे होतोय." भांडण झालं नव्हतं म्हणे. बोलणंच संपलं होतं.

रविवारी ड्रायव्हर आले, पण फाटकाशीच थांबले.

"आता मी यायचं की नाही, तेवढं सांगा."

घड्याळजींनी बराच वेळ भिंग पुसलं. "पुशरॉड कोण कापणार मग?"

ड्रायव्हर आत आले. घड्याळजींची बायको चहा ठेवताना नवऱ्याला हळूच म्हणाली, "अहो, आता त्यांना काय म्हणायचं? व्याही तर राहिले नाहीत."

"व्याहीच म्हण. दुसरा शब्द कुठाय?"

इंजिन जुळलं. किल्ली फिरवली, ते सुरू झालं. दोघं एकमेकांकडे पाहून हसले, आणि तेवढ्यात आतून कडाकडा आवाज येऊन सगळं थांबलं. झाकण उघडलं, तर एक लिफ्टर जागच्या जागी फिरला होता. त्याचं चाक आडवं होऊन कॅमचा पार भुगा झाला होता.

"नव्या इंजिनांत या लिफ्टरना सरळ धरायची सोय असते," ड्रायव्हर ग्रीसचा हात कपाळाला लावत म्हणाले. "जुन्यात नाही. दोन-दोन लिफ्टर पट्टीने एकमेकांना जोडायला हवे होते. माझंच चुकलं."

"मी तरी कुठे पाहिलं," घड्याळजी म्हणाले. "समोर होतं सगळं."



पुन्हा कॅम आला. घड्याळजींनी पट्ट्या इतक्या निगुतीने घडवल्या, की त्या गाडीत घालणं जिवावर आलं. मधल्या काळात कोर्टातलं कामही पुरं झालं. मुलगा दुसऱ्या गावी गेला. ड्रायव्हरांच्या मुलीने नोकरी बदलली. गाडी कोणाला द्यायची, हा विषय दोघांपैकी कोणीच काढला नाही.

शेवटी एका रविवारी इंजिन सुरू झालं आणि चालूच राहिलं. अगदी गुळगुळीत. ड्रायव्हरांनी ते बंद केलं, पाने पुसून डब्यात ठेवले, हात धुतले. मग पुन्हा एकदा धुतले.

"झालं म्हणायचं."

"झालं."

"बरं. येतो मग."

ते अंगण ओलांडून गेले तेव्हा घड्याळजी अचानक ओरडले, "गिअर जरा जड पडतोय हो!"

ड्रायव्हर वळले. गाडी अजून एकदाही गिअरमध्ये टाकलेली नव्हती. घड्याळजींना तर गाडी चालवताच येत नव्हती.

"जड?" डबा खाली ठेवत ड्रायव्हर म्हणाले. "अहो, पडतच नाहीये. अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागेल."

"रविवारी?"

"रविवारीच."